सागाचा कार्बन मोजायचा तर टेप कुठे लावायचा?

प्रश्न: आमचा वरकस जमिनीवर साग आहे, तीन टप्प्यांत लावलेला, एक तुकडा 6 वर्षांचा, एक 14 चा आणि घराजवळचा 25 वर्षांचा. मध्यंतरी कार्बन क्रेडिटवाला (झाडांनी साठवलेल्या कार्बनचे पैसे मिळवून देणारा) एक जण येऊन गेला, त्याने नुसती झाडं मोजली आणि लहानमोठं न बघता दर झाडामागे वर्षाला 22 किलो कार्बन डायऑक्साइड असा हिशेब लावला. हे बरोबर आहे का? आपलं आपण मोजता येतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही हो, हे म्हणजे बारशाच्या बाळाला आणि आजोबांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखं झालं. मोजता मात्र येतं, टेलरचा टेप पुरतो. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर खोडाचा घेर घ्यायचा, झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून, आणि तिथेच नेमकी गाठ असली तर जरा वर सरकून.

समजा जुन्या तुकड्यातल्या झाडाचा घेर 90 सेंमी निघाला आणि उंची 15 मीटर. घेरावरून खोडाच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ काढा, उंचीने गुणा, खोड वर निमुळतं होत जातं म्हणून त्यातलं 0.45 धरा, साधारण 0.43 घनमीटर लाकूड येतं. सागाचं सुकं लाकूड घनमीटरला ढोबळ 600 किलो, म्हणजे खोड झालं 260 किलो. त्यावर फांद्या-पानांचे तीसेक टक्के, मग मुळांचे पंचवीसेक टक्के, असे सव्वाचारशे किलो होतात आणि त्यातला 47 टक्के कार्बन, म्हणजे 200 किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये बोलायचं तर याला 3.67 ने गुणा (एजंट लोक हाच आकडा सांगतात, मोठा दिसतो ना!).

आता धाकट्या तुकड्यातलं 45 सेंमी घेराचं, 10 मीटरचं झाड घ्या. घेर निम्मा, पण कार्बन जेमतेम 33 किलो, म्हणजे सहावा हिस्सा. सरसकट आकडा इथेच फसतो.

पण एका झाडावरून बाग मोजू नका. प्रत्येक तुकड्यात 20 बाय 20 मीटरचे दोन-तीन चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे जवळपास 4 गुंठे, आणि त्यातलं प्रत्येक झाड मोजा, वाकडं किडकंसुद्धा. चौकोनांच्या बेरजांची सरासरी काढून तिला 25 ने गुणलं की हेक्टरी आकडा आला. 25 वर्षांच्या तुकड्यात विरळणी झालेली असणार, त्यामुळे झाड जाड पण संख्या कमी, तेव्हा झाडामागचा आकडा आणि हेक्टरी आकडा यांची गल्लत करू नका. काढलेल्या झाडांची दारं झाली का सरपण झालं, तेही लिहून ठेवा, दारात कार्बन टिकतो, सरपणातला जळून जातो.

पातेऱ्याचं, म्हणजे खाली पडलेल्या पानांचं, वजन करायचं तर एक मीटरच्या चौकोनातला गोळा करून वाळवून करा, पण राबासाठी (शेताच्या भाजणीसाठी) उचलून नेला असेल तर तिथे काय सापडणार! माती 30 सेंमी खोलीपर्यंतची लॅबला द्या, आणि घट्टपणा मोजायला ठराविक मापाच्या नळीतली वेगळी, नाहीतर कार्बनचा टक्का कळतो पण हेक्टरी टन कळत नाहीत.

एक घोळ मात्र सांगतो, तो अभ्यासकांचाही होतो. तीन वयांचे तुकडे शेजारी ठेवून आपण म्हणतो की इतक्या वर्षांत इतका कार्बन वाढला, पण जुना तुकडा घराजवळच्या खोल मातीत आणि नवा जांभ्याच्या कातळावर असेल तर तो फरक वयाचा का जमिनीचा? केरळात निलंबूरला 1840 च्या दशकात लावलेला साग अजून उभा आहे, पण ती नदीकाठची गाळाची जमीन, तिथल्या खोडांवरून आपल्या कातळाचा अंदाज बांधायचा नाही.

क्रेडिटबद्दल म्हणाल तर आधीच उभ्या असलेल्या झाडांवर सहसा ते मिळत नाही, म्हणून कुठेही सही करण्याआधी 25 वर्षांचा तुकडा त्यात कसा धरलाय ते विचारा. आणि टेप लावला तिथे ऑइल पेंटची बारीक पट्टी मारून ठेवा, पुढल्या वर्षी वीतभर वर धरलात तर झाड आटल्यासारखं दिसेल.