आलेखात रस्ता आहे, पण गाडी निघून गेलीय

तुमचं दुखणं ओळखीचं निघालं म्हणून लिहितोय. बोअरच्या पाणीपातळीच्या नोंदी दूधगाडीवरच्या डब्यातून (नोंदी साठवणाऱ्या छोट्या यंत्रातून), एका गाडीवरून दुसरीवर देत, तालुक्याला आणायच्या. सगळ्यात कमी वेळाचा रस्ता शोधणारी डायक्स्ट्राची पद्धत म्हणते तासाभरात पोचतील, आणि येतात दुसऱ्या दिवशी. भूम तालुक्यात आमचंही हेच झालं.

कोडला हात लावू नका, गोम आलेखात, म्हणजे गावं आणि त्यांना जोडणाऱ्या गाड्यांच्या जाळ्यात आहे. समजा वालवडची गाडी ईटला साडेसातला येते आणि ईटहून भूमची सातलाच निघते. सरासरी आलेखात वालवड-ईट-भूम सरळ जोडलेलं दिसतं, प्रत्यक्षात नोंद ईटला मुक्काम करते. जैन, फॉल आणि पात्रा या संशोधकांनी 2004 मध्ये हाच फरक मांडला: त्यांची एमईडी (किमान अपेक्षित विलंब) पद्धत सरासरी प्रतीक्षेवर चालते, ईडी (लवकरात लवकर पोच) पद्धतीला गाड्यांच्या प्रत्येक भेटीची नेमकी वेळ लागते. ईडीतही डायक्स्ट्राच आहे, फक्त कडेची (दोन गावांमधल्या जोडणीची) किंमत निघण्याच्या वेळेनुसार बदलते आणि गाठीवर, म्हणजे प्रत्येक गावापाशी, लवकरात लवकर पोचायची वेळ ठेवायची. लवकर पोचलेल्याला थांबता येतं, म्हणून हे जमतं. कमीत कमी टप्पे हवे असतील तर मात्र ही युक्ती जशीच्या तशी लावू नका. कमी टप्प्यांत पण उशिरा ईटला पोचलात तर पुढची गाडी हुकलीच. तिथं टप्पे आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात.

पण खरा काळ खाल्ला तो गाड्यांच्या वेळा मिळवण्यानं. एका कार्यालयानं (नाव घेत नाही) मार्गांची यादी आणि महिन्याच्या फेऱ्यांची बेरीज शिक्का मारून दिली. वेळा मागितल्या तर "वरून पत्र आणा". पत्र आणलं, तर साहेब रजेवर. बेरजेतून भेटीचं वेळापत्रक कुठून काढणार? माझं स्पष्ट मत, अशा कार्यालयाच्या नादी लागूच नका. दूध संकलन केंद्रावर बसा. आमच्याकडं फॅट-एसएनएफच्या (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) पावतीवर वेळही छापून यायची, गाडी कधी आली ते त्यावरून बरंच कळतं.

मी गणितवाला नाही, गाइडना विचारून घ्या. ईडी रांगेचा, म्हणजे आधीच साचलेल्या नोंदींचा, विचार करत नाही. डबा भरला तर तिचंही उत्तर चुकेल. गाड्यांचा नेमच नसेल तर स्प्रे अँड वेट ही पद्धत बघा, नोंदीच्या मोजक्याच प्रती सोडायच्या. सगळ्यांना सगळं वाटणारी एपिडेमिक पद्धत एवढ्याशा मेमरीत मला तरी पटत नाही.

आणि हो, त्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात, मराठवाड्याच्या उन्हात अक्षरं उडतात. त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.