विमानविद्या शिकवणाऱ्यांच्या संघटनेत कोणाला प्रवेश?

प्रश्न : मी न्यू जर्सीतल्या हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवते. शाळेने यंदा ‘एव्हिएशन’ हा ऐच्छिक विषय सुरू करून माझ्याकडे सोपवला. मी वैमानिक नाही. फ्लाइट इन्स्ट्रक्टरांच्या संघटनेत मला घेतील का? घेतलं तर वर्गात त्याचा काही उपयोग आहे का?
— एक शिक्षिका, एडिसन

उत्तर : घेतील. ‘सोसायटी ऑफ एव्हिएशन अँड फ्लाइट एज्युकेटर्स’ (सगळे तिला ‘सेफ’ म्हणतात) २००९ साली निघाली. विमानात बसून शिकवणारे आणि फळ्यासमोर उभं राहून शिकवणारे असे दोघंही शिक्षक तिच्या नावातच आहेत. तुम्ही दुसऱ्या गटातल्या. शाळेत हा विषय शिकवता, एवढं पुरेसं आहे. लायसन्स लागत नाही.

याच्या जोडीला ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ या अमेरिकी हवाई दलाच्या नागरी साहाय्यक संघटनेचं शिक्षकांसाठी असलेलं ‘एरोस्पेस एज्युकेशन मेंबर’ हे सदस्यत्व जरूर घ्या. गणवेश, कवायत, शोधमोहिमा यांपैकी काहीही तुमच्याकडून अपेक्षित नसतं. वर्गात वापरण्याचं साहित्य मिळतं आणि शिक्षकांसाठी ‘टॉप फ्लाइट’ नावाचं उड्डाणही असतं. लहान विमानात पुढच्या सीटवर बसून एकदा वळण घेतलं की ‘लिफ्ट’ आणि ‘लोड फॅक्टर’ शिकवण्याची तुमची भाषाच बदलेल. नववी ते बारावीसाठीचा तयार अभ्यासक्रम ‘एओपीए’ या विमानमालक आणि वैमानिकांच्या संघटनेकडून शाळांना मोफत मिळतो, तोही मागवा.

उपयोगाचं म्हणाल, तर नुसत्या सदस्यत्वाने वर्गातला तुमचा अधिकार वाढत नाही. तो वाढतो एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) ‘ग्राउंड इन्स्ट्रक्टर’, म्हणजे वर्गात शिकवणाऱ्याच्या, सर्टिफिकेटने. ते हातात असलं की तुमची मुलं वैमानिकाच्या लेखी परीक्षेला तुमच्या सहीने बसू शकतात. त्यासाठी तुम्हाला उड्डाण, मेडिकल (वैद्यकीय तपासणी) किंवा चेकराइड (परीक्षकासमोर द्यायची तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा) यांतलं काहीही करावं लागत नाही. वय १८ पूर्ण, इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता येणं आणि लेखी परीक्षा, एवढंच.

एरवी परीक्षा दोन असतात. पहिली ‘फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग’, म्हणजे शिकवण्याचं शास्त्र. सातवी किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवण्याचं राज्याचं चालू प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकांना ती माफ आहे. तुमच्याकडे ते असणारच. हे माहीत नसल्यामुळे कित्येक शिक्षक विनाकारण १७५ डॉलर भरून ती देतात. उरली विषयाची परीक्षा. ‘बेसिक’च्या नादी लागू नका, थेट ‘अॅडव्हान्स्ड’ द्या. बेसिकमध्ये जे शिकवता येतं ते सगळं त्यात येतं, शिवाय कमर्शियल लायसन्सच्या (पैसे घेऊन विमान उडवण्याच्या) उमेदवारांनाही शिकवता येतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर विसंबून उडवण्याची परवानगी) तेवढं त्यात नाही, त्याची परीक्षा वेगळी. ‘अॅडव्हान्स्ड’ला १०० प्रश्न असतात, पास व्हायला ७० टक्के लागतात. फिजिक्सवाल्यांना वायुगतिकी सोपी जाते. अडतं ते नियमांत आणि हवामानाच्या तक्त्यांत, तेव्हा दोन तृतीयांश वेळ तिकडे द्या.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एफएएच्या ‘आयाक्रा’ या ऑनलाइन अर्जप्रणालीत खातं उघडून ‘एफटीएन’ हा तुमचा ओळख क्रमांक घ्या. त्याशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एकच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांची गाडी इथे हमखास अडते. पास झाल्यावर मिळणारा कागद म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. आयाक्रावर अर्ज भरून, निकाल आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र घेऊन एफएएच्या जवळच्या ‘एफएसडीओ’ या स्थानिक कार्यालयात वेळ ठरवून जावं लागतं. निकाल २४ महिने चालतो. तो कपाटात पडून राहिला तर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. सर्टिफिकेटला मुदत नाही. पण मागच्या १२ महिन्यांत ग्राउंड इन्स्ट्रक्टर म्हणून काहीच शिकवलं नसेल, तर दुसऱ्या अधिकृत इन्स्ट्रक्टरकडून तसा शेरा घेतल्याशिवाय किंवा इन्स्ट्रक्टरांचा मान्यताप्राप्त रिफ्रेशर कोर्स पूर्ण केल्याशिवाय सही करता येत नाही.

प्रश्न : कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट झालं आहे, सीएफआयची (फ्लाइट इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटची) तयारी चालू आहे. ‘नाफी’मध्ये आत्ताच जावं की सर्टिफिकेट मिळाल्यावर?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर : आत्ताच. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर्स’ ही १९६७ पासूनची संघटना आहे आणि होऊ घातलेल्या इन्स्ट्रक्टरांनाही ती जवळ करते. अनुभवी माणसाला विचारण्याची खरी गरज चेकराइडच्या आधी असते, नंतर नाही. विशेषतः त्यातल्या ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला. तिथे उमेदवार पडतो तो माहिती नसते म्हणून नव्हे. माहिती असते, पण ती शिकवता येत नाही म्हणून.

तुमच्या लॉगबुकात दोन गोष्टी आजच पाहा : ज्या वर्गाच्या विमानावर रेटिंग हवं त्यावर किमान १५ तास पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार वैमानिक म्हणून), आणि स्पिनच्या (विमान गरगरत खाली येण्याच्या) प्रशिक्षणाचं एंडोर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरचा सहीचा शेरा. दुसरं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, स्पिनला परवानगी असलेलं विमान प्रत्येक फ्लाइंग स्कूलकडे नसतं. सीएफआयबरोबरच ‘अॅडव्हान्स्ड ग्राउंड’ही करून टाका. पुढे ‘गोल्ड सील’ (चांगल्या इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटवरची मानाची सोनेरी मोहोर) हवं असेल तर ते किंवा ‘इन्स्ट्रुमेंट ग्राउंड’ लागतंच. शिवाय २४ महिन्यांत किमान १० उमेदवार परीक्षेला पाठवून त्यांतले ८० टक्के पहिल्या प्रयत्नात पास व्हावे लागतात. १ डिसेंबर २०२४ पासून सीएफआय सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख छापत नाहीत. मात्र दर २४ महिन्यांनी आपली पात्रता ताजी करण्याची अट तशीच आहे, ती मोजण्याची जबाबदारी तुमची.

प्रश्न : पुण्यात डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या परीक्षांसाठी नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी शिकवतो. परदेशी संघटनेचं सदस्यत्व घेतलं तर क्लासच्या पाटीवर लिहिता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सदस्य आहात एवढं लिहा, त्यापुढे जाऊ नका. ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ असं लिहिणं खोटं ठरेल. ‘सेफ’, ‘नाफी’ यांसारख्या संघटना क्लासला मान्यता देत नाहीत. भारतात विमानात बसून शिकवायचं तर डीजीसीएचं ‘असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर’ किंवा ‘फ्लाइट इन्स्ट्रक्टर’ रेटिंगच लागतं, कुठल्याही संघटनेचं कार्ड त्याच्या जागी चालत नाही.

नावापुढे अक्षरं हवी असतील तर लंडनची ‘रॉयल एरोनॉटिकल सोसायटी’ पाहा. ती १८६६ सालची आहे. तिची ‘अॅफिलिएट’ श्रेणी विषयाची आवड असलेल्या कोणालाही खुली आहे, पण तिला अक्षरं नाहीत. ती वरच्या श्रेणींना मिळतात, आणि तिथे शिक्षण, कामाचा अनुभव तपासतात. आपली ‘एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया’ १९४८ची. तिथेही पात्रता पाहूनच श्रेणी ठरते. आमच्या मते तुमच्यासारख्याने आधी इथे अर्ज करावा. व्याख्यानांना जाता येईल, माणसं भेटतील. परदेशी कार्डाने ते होणार नाही.

प्रश्न : मी विमान मेकॅनिक घडवणाऱ्या अमेरिकन कॉलेजात शिकवतो. वरच्यांपैकी माझी संघटना कोणती?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : ‘सेफ’ चालेल, पण तुमचं खरं घर ‘एव्हिएशन टेक्निशियन एज्युकेशन कौन्सिल’ ही विमान मेकॅनिक घडवणाऱ्या संस्थांची संघटना, स्थापना १९६१. तिथे मुख्यतः संस्था सदस्य होतात. म्हणून स्वतःचे पैसे भरण्याआधी विभागप्रमुखांना विचारा, कॉलेज आधीच सदस्य असण्याची शक्यता बरीच आहे. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमावर शिकवत असाल तर ‘युनिव्हर्सिटी एव्हिएशन असोसिएशन’ही पाहा, तिथे संस्थेप्रमाणेच प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्यालाही स्वतंत्रपणे सदस्य होता येतं, आणि तिच्या नियतकालिकात शोधनिबंध पाठवता येतो.