कोकणातल्या नगरपरिषदेत वर्षानुवर्षं बसलेल्या भ्रष्ट गटाला स्थानिक आघाडी हटवू शकते का?
हो, पण सुरुवात कागदांपासून करा. गणपतीआधी घाईघाईत उरकलेला रस्ता, असं एकच काम धरा. माहिती अधिकार कायदा 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून निविदा, मोजमाप पुस्तिका आणि बिल मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. मग टेप घेऊन पुस्तिकेतली लांबी-रुंदी रस्त्यावर पडताळा. ठेकेदार आणि नगरसेवकांचं साटंलोटं बहुधा तिथेच उघडं पडतं.

खरा धोका निवडून आल्यावर असतो, माणसं फुटतात. म्हणून निकालानंतर आघाडीची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे कराच. मग 1986 चा अनर्हता कायदा लागू होतो, पक्षादेश मोडणाऱ्याचं पद जाऊ शकतं. आणि चाकरमान्यांच्या टाळ्यांवर विसंबू नका, त्यांची मतं बहुतेक मुंबईत असतात.