वाचकांचे प्रश्न : हरलेला खेळाडू मेन ड्रॉमध्ये कसा?

प्रश्न (औंधहून एक काका) : बालेवाडीच्या टेनिस स्पर्धेत क्वालिफायिंगच्या, म्हणजे पात्रता फेऱ्यांच्या, शेवटच्या मॅचला जो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर हरला, तोच दोन दिवसांनी मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, खेळताना दिसला. आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणाले वशिला. खरं काय?

उत्तर : काका, वशिला अजिबात नाही, त्याला लकी लूझर म्हणतात आणि तो अगदी नियमातला आहे. मेन ड्रॉ लागल्यावर कोणी दुखापतीने, तापाने माघार घेतली तर ती जागा रिकामी ठेवता येत नाही, समोरच्याला फुकटात पुढची फेरी देणंही बरोबर नाही, म्हणून क्वालिफायिंगच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांतून एकाला घेतात. त्यात रँकिंग बघतात, पण नुसतं रँकिंग नाही, वरच्या काही नावांमध्ये चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात. हे का, तर आपण हरलो तरी आत जाणारच हे आधी पक्कं कळलं तर एखादा शेवटची मॅच जीव लावून खेळणारच नाही ना. फार विचार करून केलेला नियम आहे हा.

आणि नशीब म्हणून मिळालेली जागा म्हणजे काही कमअस्सल नाही हो. २०१७ च्या जुलैमध्ये क्रोएशियातल्या उमागला आंद्रेई रुबलेव लकी लूझर म्हणून आत आला आणि स्पर्धाच जिंकून गेला, लगेच पुढच्या आठवड्यात हॅम्बुर्गला लिओनार्डो मायरने तेच केलं. आपल्या प्रज्ञेश गुणेश्वरनलाही २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनला अशीच जागा मिळाली होती, पहिली मॅच जिंकला असता तर समोर थेट जोकोविच होता, पण हरला, मला आजही वाईट वाटतं त्याचं.

मी बालेवाडीला असाच एक थांबलेला मुलगा जवळून बघितलाय. सकाळची वेळ, प्रॅक्टिस कोर्टाशेजारच्या बाकावर बसलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, नवीन तारा घातलेल्या दोन रॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत तशाच, आणि तिसऱ्या रॅकेटची ग्रिप तो सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता, तीनदा तरी केलं असेल त्याने. बोलावणं येईल की नाही माहीत नाही पण आलं तर लगेच कोर्टवर जायचं, म्हणून वॉर्मअप करून तयार बसायचं. त्या दिवशी नाही आलं बोलावणं. दुपारी बॅग उचलून गेला. तेव्हा काका, कट्ट्यावर सांगा प्लीज, हे वशिल्याचं काम नाही.

प्रश्न (कर्वेनगरचा एक कॉलेजकुमार) : २८ जणांचा ड्रॉ कसा काय असतो? १६, ३२ समजतं.

उत्तर : सोपं आहे रे. ड्रॉ ३२ चाच काढतात, पण पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे समोर कोणीच नाही, थेट दुसरी फेरी. बाय मिळालेल्याला जिंकायला चार मॅच पुरतात, बाकीच्यांना पाच. पुण्यात महाराष्ट्र ओपन ही एटीपी २५० स्पर्धा (जिंकणाऱ्याला २५० रँकिंग पॉइंट्स) व्हायची तेव्हा हाच ड्रॉ असायचा.

प्रश्न (सदाशिव पेठेतून एक आजोबा) : महाराष्ट्र ओपन गेली, आता जी चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा, होते त्यात नाव घेण्यासारखं कोणी नसतं. कशाला जायचं बघायला?

उत्तर : आजोबा, तुमचं दुःख कळतं मला, माझंही तेच आहे. २०१८ ला चेन्नईहून स्पर्धा पुण्यात आली तेव्हा पहिल्याच वर्षी मानांकन नसलेल्या जिल सीमॉनने सेमीफायनलला चिलिचला आणि फायनलला केविन अँडरसनला हरवलं. पुढच्या वर्षी त्याच अँडरसनने ३९ वर्षांच्या इव्हो कार्लोविचला हरवलं, ७-६, ६-७, ७-६, तिन्ही सेट टायब्रेकला! मग २०२० ला वेसेली, २०२२ ला पोर्तुगालचा जोआओ सोसा, २०२३ ला ग्रीकस्पोर, आणि मग स्पर्धा हाँगकाँगला गेली. जायला नको होती.

पण चॅलेंजरला नाव घेण्यासारखं कोणी नसतं हे मात्र मी मान्य करणार नाही. २०२४ ला पुण्यात चॅलेंजर कोणी जिंकली? मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो. तेव्हा कोणी ओळखत होतं का त्याला? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हाच वाशेरो शांघाय मास्टर्सला क्वालिफायिंग खेळून आला, रँकिंग २०४, सेमीफायनलला जोकोविचला हरवलं आणि फायनलला स्वतःच्याच मावसभावाला, आर्थर रिंदरक्नेशला हरवून कप उचलला. शांघायला एक हजार पॉइंट्स, पुण्याच्या त्या चॅलेंजरला शंभर, पण चढायला सुरुवात इथूनच होते ना. चॅलेंजरला येणारा प्रत्येक जण पॉइंट-पॉइंटसाठी खेळतो, शंभर पॉइंट्सच्या चॅलेंजरला पहिली फेरी जिंकली की सात पॉइंट मिळतात आणि त्या सातासाठी अडीच-तीन तास घाम गाळतात. तुम्ही या आजोबा, सोमवारी-मंगळवारी या, फायनलची वाट बघू नका, खरी मारामारी पहिल्या फेऱ्यांतच असते.

प्रश्न (पिंपरीहून एक ताई) : सर्व्हिसच्या आधी तीन-चार बॉल मागून घेतात, बघतात आणि एक-दोन परत देतात. हा काय प्रकार?

उत्तर : ताई, बॉलवरची लव बघतात. खेळून खेळून लव फुलते, फुललेला बॉल हवेत हळू होतो. म्हणून पहिल्या सर्व्हिसला कमी फुललेला घ्यायचा आणि फुललेला दुसऱ्या सर्व्हिससाठी खिशात. पहिले सात गेम झाले की बॉल बदलतात आणि मग दर नऊ गेमनी. पुढच्या वेळी नवे बॉल आल्यावरचा गेम नीट बघा, सर्व्हिस एकदम सुसाट जाते.

प्रश्न (कोथरूडहून एका अकरा वर्षांच्या मुलाची आई) : मुलगा रोज तीन तास खेळतो. पुण्याच्याच मानस धामणेला पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्ड मिळालं असं कोच सांगतात. आमच्या मुलाला कधी मिळेल?

उत्तर : ताई, मानसला २०२३ च्या महाराष्ट्र ओपनला वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न बघता थेट जागा, मिळालं हे खरं, पण तो आधीच ज्युनिअरच्या मोठ्या स्पर्धा खेळत होता आणि ट्रेनिंगला इटलीला जात होता. तिथे अमेरिकेच्या मायकेल मोहकडून २-६, ४-६ हरला, पण दुसऱ्या सेटमध्ये कसला भिडला होता! वाइल्ड कार्ड मेन ड्रॉला तीनच असतात आणि ती आयोजक देतात, त्यामुळे अकराव्या वर्षी त्याचा हिशोब घरात काढूच नका, मुलगा चुकला की त्याच्या मनात तेच येत राहील. त्यापेक्षा चॅलेंजरच्या क्वालिफायिंगला सकाळी त्याला घेऊन या, बाजूच्या कोर्टावर जाळीला नाक लावून उभं करा. दोनशे-तीनशे रँकिंगचा खेळाडू बॅकहँड मारताना पाय किती वेळा छोटे-छोटे टाकतो ते मोजायला सांगा. टीव्हीवर ते दिसत नाही, जाळीपाशी बुटांचा आवाजसुद्धा ऐकू येतो. आणि पाण्याची मोठी बाटली आणा, फेब्रुवारीत पण दुपारी बालेवाडीचं ऊन चांगलंच लागतं.