'बळ न करी' मधला करी म्हणजे हात

प्रश्न असा की भा. रा. तांब्यांच्या 'मधु मागसि माझ्या सख्या, परी' मधली 'मधु पिळण्या परि बळ न करी' ही लाइन म्हणजे 'मध पिळायला जोर लावू नकोस' असंच ना, कारण वरच तर 'करि रोष न सखया, दया करी' आहे.

नाही हो, पण घोटाळा होणं साहजिक आहे, गाणं ऐकताना मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. 'दया करी' मधलं करी हे क्रियापद, दया कर. इथलं करी म्हणजे 'कर' या नामाची सप्तमी, करात, हातात. याच कवितेत घरी, अंगणी, पैलतिरी सगळी तशीच रूपं आहेत बघा. शिवाय मधला 'परि' म्हणजे 'पण' सोडून चालणार नाही, आधीची ओळ आहे 'संसाराचे मर्म हवे तुज', म्हणजे तुला संसाराचं मर्म हवंय पण ते पिळून काढायला माझ्या हातात ताकद उरली नाहीये. 'जोर लावू नकोस' घेतलं तर तो 'पण' लोंबकळत राहतो. एकच आवाज दोन अर्थांनी यमकात बसवलाय, मस्त काम आहे.

आणि पिळणे हा शब्दही मुद्दाम आलाय असं मला वाटतं, पोळं हातानं पिळूनच मध काढायचे ना पूर्वी. म्हातारपण म्हटलं की पांढरे केस, काठी हेच येतं, इथे थेट मुठीतला जोर गेलाय. मध म्हणजे शृंगाराची कविता आणि मागणारा सखा म्हणजे रसिक असं साधारण धरतात, 'तरुण-तरुणिंची सलज्ज कुजबुज' वाचली की ते पटतं. संध्याछाया, पैलतीर वगैरे सरळच आहे (जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकाचं नाव इथलंच).

मला खरी आवडते ती भांड्यांची उतरण. आधी कमळाचे द्रोण भरभरून मध, आता नैवेद्यापुरती दुधाची एकच वाटी, म्हणजे माप कमी झालं आणि जे उरलंय तेही देवाचं, सख्याला द्यायला नाहीच. फुलाचंही तसंच, कमळ गेलं आणि अंगणात 'कशी तरी' जगवलेली कोरांटी राहिली. कोरांटी पाहिली नसेल तर सांगतो, काटेरी झुडूप, फुलाला वास जवळजवळ नाहीच, आमच्याकडे कुंपणाला होती आणि आजी बोटं ओरबाडून घेत तीच पूजेला तोडायची.