नाटकातली बंद खोली वाचताना आधी दाराची कडी पाहावी

आधुनिक नाटके इतक्या वेळा एकाच खोलीत, वाड्यात किंवा सभागृहात का घडतात आणि ही बंदिस्त जागा पात्रांच्या मनाचे प्रतीक मानावी का, असा आपला प्रश्न आहे. प्रतीक म्हणण्यात चूक काही नाही, उत्तरपत्रिकेत ते खपूनही जाते. पण मी काही वर्षे हौशी मंडळींबरोबर नेपथ्याचे काम केले आहे आणि त्या कामाने मला एक सवय लावली आहे. नाटक वाचायला घेतले की मी आधी दार शोधतो. ते कुठे आहे, कडी आतून आहे की बाहेरून, किल्ली कोणाजवळ असते आणि बाहेर पडायला कोणाला दुसऱ्याची परवानगी लागते, एवढे कळले की पात्रांचे परस्परांशी काय नाते आहे ते बरेचसे उलगडते.

नॉर्वेच्या इब्सेनचे १८७९ सालचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक घ्या. शेवटी नायिका नोरा नवऱ्याचे घर सोडून, दार लावून निघून जाते, त्या आवाजावर इतके लिहिले गेले आहे की घराच्या दाराला लावलेल्या टपालपेटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिची किल्ली फक्त नवऱ्याकडे आहे. नोराने केलेल्या खोट्या सहीचे बिंग फोडणारे पत्र त्या पेटीत येऊन पडते. ते तिथे आहे हे तिला ठाऊक असते, पण तिच्या हाताला ते लागत नाही. दिवाणखाना तिने सजवलेला आहे, मुले तिची आहेत, नोकरमाणसे तिचे ऐकतात, मात्र घरात येणाऱ्या कागदावर तिचा अधिकार नाही. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने १८८८ साली ‘मिस ज्युली’मध्ये हीच युक्ती अधिक क्रूरपणे वापरली. सारे नाटक स्वयंपाकघरात, मध्ये अंक न पाडता घडते. घराचा धनी असलेला उमराव रंगमंचावर येतच नाही, त्याचे फक्त बूट आणि बोलावण्याची घंटा दिसते. ती घंटा वाजली की क्षणापूर्वी मालकाच्या मुलीवर हुकूम गाजवणारा नोकर पुन्हा नोकर होतो.

मराठीत याचे सर्वांत नेमके उदाहरण माझ्या मते विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हेच आहे. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले आणि सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली. खेड्यातल्या सभागृहात संध्याकाळच्या प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला मांडतात, आणि आरोपी म्हणून शिक्षिका असलेल्या बेणारेला उभे करतात. नाटककाराने पहिल्याच प्रवेशात काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. दार उघडताना बेणारेच्या बोटाला कडी लागते आणि ती ते बोट तोंडात घालते. ही कडी नीट सरकवली नाही तर दार आपोआप बाहेरून लागून माणूस आत अडकतो, हे गावातला सामंत नावाचा माणूस तिला सहज गप्पांच्या ओघात सांगतो. प्रेक्षक हे ऐकून विसरतो. पुढे खेळ अंगावर येऊ लागल्यावर बेणारे पिशवी उचलून दाराशी जाते, तेव्हा ते बाहेरून अडकलेले असते. तिला कोणी कोंडलेले नाही, कट कोणी रचलेला नाही. कडी सदोष आहे इतकेच. म्हणूनच आतल्या मंडळींना ‘आम्ही काय केले?’ असे निर्मळ मनाने विचारता येते. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे ही माणसे बाहेरच्या जगात कुणाच्या खिजगणतीत नाहीत, पण दार लागल्यावर एकाला न्यायाधीशाची खुर्ची मिळते, दुसऱ्याला वकिलाचा झगा, आणि प्रत्येकाला आपापल्या अपयशाचे उट्टे काढायला एक बाई.

थोडे विषयांतर होईल, पण हे सांगितलेच पाहिजे. आम्ही हे नाटक बसवले तेव्हा दाराचा फ्लॅट, म्हणजे भिंतीसारखी उभी करायची नेपथ्याची चौकट, मी उभा केला होता आणि कडी काही केल्या धरत नव्हती. पहिल्या प्रयोगात बेणारेने दार ओढताच ते सरळ उघडले आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. पुढच्या प्रयोगाला कडी बदलायला वेळ मिळाला नाही, तेव्हा आमच्या अभिनेत्रीने दोन्ही हातांनी दार ओढण्याचा अभिनय करत एका पायाने ते दाबून धरले. मी विंगेतून तिचा तो पाय पाहत होतो. आपणच बंद धरलेल्या दारातून सुटण्याची धडपड करणारे माणूस मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले, आणि फ्रेंच लेखक सार्त्रचे एक नाटक मला पुस्तकापेक्षा त्या पायाने अधिक समजावले.

ते नाटक म्हणजे १९४४ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना रंगमंचावर आलेले ‘नो एक्झिट’. नरक म्हणून दाखवलेला दिवाणखाना, खिडकी नाही, आरसा नाही, दिवे कधी मालवत नाहीत, आणि तीन माणसे. आरसा नसल्यामुळे आपण कसे दिसतो हे प्रत्येकाला दुसऱ्याला विचारावे लागते, यापुढे वेगळ्या छळाची गरजच उरत नाही. त्या तिघांतला गार्सँ दारावर धक्के मारतो, अखेर दार धाडकन उघडते, आणि तो जात नाही. आपण भ्याड नव्हतो हे त्याला खोलीतल्याच इनेझकडून कबूल करून घ्यायचे असते. ते काम बाहेर होणारे नसते. सॅम्युएल बेकेटच्या ‘एन्डगेम’ या नाटकातही क्लॉव्ह हा नोकर प्रवासाचे कपडे घालून दाराशी उभा राहतो आणि पडदा पडेपर्यंत तिथेच राहतो.

मात्र प्रत्येक बंद खोलीत अर्थ शोधू नये. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर वर्षानुवर्षे दिसलेला सोफा, टीपॉय आणि मागचा जिना हा पुष्कळदा दौऱ्याच्या गाडीत मावतो आणि झटपट उभा राहतो म्हणूनच असतो. त्या खोलीत कोणतेही कुटुंब आणून बसवले तरी चालते.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकातल्या वाड्यात दुसरे कुटुंब बसवता येत नाही. विजया मेहता यांनी १९८५ साली ते रंगमंचावर आणले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांच्या या वाड्याला कुलूप नाही, दिंडी दरवाजा उघडाच आहे, तरी प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा वाडा आला आहे. शिकण्याची इच्छा मारली गेलेल्या प्रभाला तो कोंडवाडा आहे, घरातच राबणाऱ्या चंदूला ते कामाचे ठिकाण आहे, मुंबईला गेलेल्या सुधीरला वाटणीतला हिस्सा आहे, आणि थोरल्या भास्करला ती पत आहे, जी गहाण पडली तरी मिरवावी लागते. दारापुढे कधीचा बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे. तो विकायचे कोणाला सुचत नाही आणि दुरुस्त करायला पैसा नाही. या घरातून खऱ्या अर्थाने पाऊल बाहेर टाकते ती भास्करची मुलगी रंजू, शिकवणीच्या मास्तरांबरोबर, आणि जाताना दागिने नेते. बाहेर जाण्याची वाट या वाड्याने मुलीला शिकवलेली नव्हती, चोरून जाण्यापलीकडे तिला दुसरे काय ठाऊक असणार!

बेणारेचे दारही शेवटी उघडते, आणि तेही कोणाच्या प्रयत्नाने नव्हे. प्रयोग सुरू झाला का, हे पाहायला गावातला कोणीतरी बाहेरून डोकावतो. मंडळी क्षणात भानावर येतात, मनावर घेऊ नकोस, खेळच होता, असे तिला समजावतात आणि तयारीला लागतात. ती मात्र उठत नाही. सामंत आपल्या पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो आणि उघड्या दारातून निघून जातो.