युनियनचं सभासद होऊन कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना काय मिळतं?

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की पगारवाढ तर सगळ्यांनाच मिळते, मग युनियनच्या वर्गणीची पावती कशाला फाडायची? हेच वाक्य माझ्या दिरांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतेय, की लिहिल्याशिवाय राहवेना.

पगारवाढीचं खरं आहे. सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर समेट होऊन झालेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू होतो. पण चार्जशीट (कंपनीचं आरोपपत्र) येते ती एकट्याच्या नावाने.

आमचे हे पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर होते. रात्रपाळीत प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे एकदाऐवजी दोनदा खाली आला, आणि डाय (खालचा साचा) फुटली. हात आत असता तर पंजाच गेला असता. चार्जशीटमध्ये मात्र आलं, 'कामात हयगय, कंपनीचे नुकसान'. लगेच सस्पेंड. वर एचआरच्या साहेबांचा प्रेमाचा सल्ला: राजीनामा लिहून दे, हिशोब चुकता करतो, सर्टिफिकेटही चांगलं देतो. दीर त्याच कंपनीत पॅकिंगला. तेही संध्याकाळी येऊन तेच सांगू लागले. "युनियनवाल्यांच्या नादी लागलास तर आहे तेही घालवशील." सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. ह्यांनी कागद-पेन घेतलंसुद्धा होतं.

तेवढ्यात युनियनच्या कमिटीतले एक जण आले. चहालाही थांबले नाहीत. एवढंच विचारलं, "प्रेस बिघडलाय म्हणून आधी ब्रेकडाऊन स्लिप भरली होतीस का?" भरली होती. "मग राजीनामा नाही द्यायचा."

महाराष्ट्रात १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यता नसलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यालाही आपल्या सभासदातर्फे खातेनिहाय (कंपनीच्या अंतर्गत) चौकशीत उभं राहता यायचं. सभासदातर्फे, हे नीट वाचा. चौकशीचे मिनिट्स घरी यायचे, मी शब्द न् शब्द वाचलेत. सुपरवायझरची उलटतपासणी अशी आहे: स्लिपवर सही कोणाची? माझी. मेंटेनन्सला कळवलं का? आठवत नाही. मग प्रेस चालू ठेवायला कोणी सांगितलं? पुढे नुसतं 'साक्षीदार गप्प'. हे प्रश्न ह्यांना जन्मात विचारता आले नसते. साहेबासमोर ह्यांचा आवाजच फुटत नाही.

तोवर घर चाललं निर्वाह भत्त्यावर, म्हणजे सस्पेंड असताना मिळणाऱ्या पैशावर. पहिले ९० दिवस निम्मा पगार, आणि चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के. कंपनी निम्मा धरत होती तो नुसत्या बेसिकचा. महागाई भत्ता धरला युनियनचं पत्र गेल्यावर. मुलीची शाळेची फी त्यातूनच भरली. घरच्यांना काय मिळतं म्हणालात ना, ते हे.

शेवटी ताकीद देऊन ह्यांना कामावर घेतलं. ताकीद कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

दिरांचं पालुपद ठरलेलं: १९८२च्या संपाने मुंबईच्या कापड गिरण्या घालवल्या, युनियन म्हणजे कंपनीला टाळं. अहो, त्या संपात बोनस-पगाराइतकीच मोठी मागणी होती १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची, कारण त्या कायद्याने मान्यता मिळालेली युनियन बहुतेक गिरणी कामगारांना आपली वाटतच नव्हती. आणि टाळ्याचं बोलायचं तर रविवारच्या सुट्टीचंही बोला. १८९०मध्ये ती गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मिळाली. ती घेताना कोणी पावती दाखवत नाही.

सगळ्याच युनियन अशा असतात असं नाही. मॅनेजमेंटशी सेटिंग करणारे पुढारी मीही पाहिलेत, आणि कंत्राटी पोरांकडे आमच्या युनियननेही कधी ढुंकून पाहिलं नाही. शिवाय मी सांगतेय तो जुन्या कायद्यांचा काळ. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला एकटीला वाटाघाटीचा हक्क आहे, म्हणजे सभासद किती हे आता जास्तच मोजलं जाणार. तुमच्याकडे कुठली युनियन आहे, तिची नोंदणी आहे का, आधी बघा. मग पावती फाडा, आणि ती जपून ठेवा.

भाऊजी, तुम्हीही हे वाचाल, माहितीये मला. गेल्या कराराच्या पगारवाढीचा फरक तुम्ही आमच्या आधी उचललात, तेव्हा युनियन वाईट नव्हती.